तीर्थाची पळी

प्रिय चेतना,

घरी सारे ठीक आहे. धान लोंबीला आला. आजीचे गुडघे तसेच दुखतात. दुखण्याची गोळी घेतली की तिच्या पोटात आग पडते, म्हणून ती गोळ्या उशीखाली लपवते आणि घेतल्या म्हणून सांगते.

दसऱ्याला तू कॉलेजातल्या प्रयोगाचे औषधी मणी काचेच्या थाळीत वाळवायला घरी आणले होतेस. आजीने डोकावून विचारले, "काऊन वो, साबुदाणा वाळवून राहिली का?" तू हसलीस. समुद्री शेवाळाच्या डिंकात औषध कालवायचे, सुईने थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचे, की थेंबाचा मणी होतो. तो पोटात मिटून राहतो आणि पुढे आतड्यात उघडतो, म्हणून पोट जळत नाही, असे तिला समजावलेस. आजी म्हणाली, "मंग लवकर कर वो माय, मी जाऊन राहिली."

तिचे ते बोलणे माझ्या मनातून जाईना. सकाळी तू झोपेत असताना मी थाळी देवापुढे ठेवली. पोरीच्या हाताला यश दे म्हणालो आणि पळीपळीने तीर्थ घातले. मणी बुडाले तसा घाबरलो, वरचे पाणी तुळशीत ओतले आणि थाळी जागेवर ठेवली. संध्याकाळपर्यंत मणी पहिल्यासारखे दिसू लागले.

रात्री जेवताना तूच म्हणालीस, पाणी लागले तर मणी फुगतो, औषध पाण्यात निघून जाते. देवाच्या नावाने केलेले तुझ्यापुढे अडाणीपणाचे ठरेल, याची लाज वाटली. तीर्थाचे सांगितले नाही, धानाचे बोलत बसलो.

परवा तू फोनवर रडलीस. मण्यांत औषध निम्मेच निघाले, सोबत काम करणाऱ्या डिंपलनेच औषधाच्या वजनात चूक केली असे तू सरांना सांगितलेस, सरांनी तिला कामातून काढले, आणि एका खोलीत राहून ती तुझ्याशी बोलत नाही. त्यावर मी काय म्हणालो? वेळेवर जेवत जा. फोन ठेवून देवापुढे बसलो, पण पळी उचलवली नाही.

तोंडाने सांगायला गेलो असतो तर पुन्हा धानाचे बोलून परतलो असतो, म्हणून लिहून आणले. तू हे वाचतेस तेव्हा मी होस्टेलच्या फाटकाशीच उभा आहे. रागावू नको असे म्हणत नाही. आधी मला डिंपलकडे ने, मग सरांकडे.

तुझाच,
बाबा