कोपऱ्यातला ससा

अप्पा, आपल्या घरात एक ससा आलाय आणि तो तुमच्यासारखा श्वास घेतो. दुसरीकडून सुरुवात करून बघितली, जमलं नाही, म्हणून सरळ हेच लिहून टाकतो. नाकातून बारीक शिट्टी, मग आत काहीतरी खरवडल्यासारखी घरघर, मग जरा थांबणं, इतकं की ऐकणाऱ्यानं आपला श्वास धरावा, आणि मग पुन्हा शिट्टी. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. आता दाढी करतो, ती पण मनात आलं तर. बापाचा चेहरा मला फोटो बघूनच आठवतो, खोटं कशाला बोलू, पण तो आवाज ओळखायला काही बघावं लागलं नाही.

ससा कसा आला ते आधी सांगतो. मी सध्या कमलनगरहून खेड्यांकडं जाणाऱ्या जीपवर असतो, कधी चालवायला, कधी दारात लोंबकळत माणसं भरायला. त्याआधी हैदराबादेत हॉटेलात होतो, त्याआधी उदगीरला एका मंडपवाल्याकडं, मध्ये पुण्यात पार्सलं वाटायचो, ते सगळं लिहायला बसलो तर ससा राहून जाईल. "तुझ्या पायाला भिंगरी हाय का रे, एका जागी बूड टेकव की," असं तुम्ही मला म्हणाला होता, दाल मिलच्या फाटकात. मी डबा घेऊन आलो होतो आणि डबा द्यायचा सोडून यंत्राच्या मागं काय आहे ते बघायला गेलो होतो. तुम्ही सगळे तिथं पिवळे. पापण्या, मिशा, कानातले केस, सगळ्यावर तुरीची धूळ बसलेली. तुम्ही मनगटाच्या आतल्या बाजूनं नाक पुसलंत आणि मग त्याच हातानं मला गुळाचा खडा दिलात. तुमच्या सदऱ्याची ती बाही कायम कडक असायची, खळ घातल्यासारखी. ही बाही ध्यानात असू द्या, पुढं लागणार आहे.

तर कमलनगरला एका मास्तरांची बदली झाली होती. टेम्पो भरलेला, मास्तर वर दोरी आवळायलेत, आणि बाई पायरीवर टोपली घेऊन बसलेल्या. टोपलीत पांढरा ससा. "नेतोस का रे अण्णा?" बाई म्हणाल्या, "नवा घरमालक नको म्हणायलाय. लेकरू रडून रडून झोपलंय, ते उठायच्या आत ने." माझा जीपवाला मालक लगेच बोलला, "घे, घे. बायको तर तुझ्या घरात यायची न्हाई, ससा तरी येऊ दे." सगळी जीप हसली. मी का घेतला हे मला आजही सांगता येणार नाही. सशानं मान लांब करून, हनुवटी वर उचलून माझ्याकडं बघितलं, एवढंच. वाटेत तो एकदा शिंकला. तेव्हा पण जीप हसली.

खटकचिंचोळीला घरी आलो तर अव्वा भाकरी थापत होती. "आधी सवताचं पोट भर, मग जनावरं आण," म्हणाली, पण हात पुसून उठली आणि टोपली तिनंच उचलून ठेवली. कुठं, तर तुमच्या कोपऱ्यात. तुम्ही शेवटी शेवटी जिथं भिंतीला टेकून बसायचात, आता जिथं तुमचा फोटो आहे, त्याच्या खाली. तिच्या मनात काही नव्हतं, मांजर तिथं शिरत नाही आणि वारं लागत नाही म्हणून ठेवली. खाली अंथरायला मी तुमच्याच मिलमधून तुरीचा कोंडा आणला. ऊबदार, मऊ, वर फुकट. ससा त्यात बसला की त्याचे फक्त कान दिसायचे.

दोन-चार दिवस नुसत्या शिंका. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, अव्वा रोजच्यासारखं खापरात निखारे घेऊन आली. तुम्ही असल्यापासूनचा तिचा नेम, तो तुम्ही गेल्यावरही मोडला नाही. कपाळाला इभूत, मग खापरात ऊद टाकायचा आणि तो पांढरा धूर कोपऱ्यात कोंडून धरायचा, आधी तुमच्या छातीतला कफ सुटावा म्हणून, नंतर तुमच्या फोटोसाठी. तिनं ऊद टाकला, धूर वर गेला, आणि धुराच्या आतून ती शिट्टी आली. मग खरवड. मग थांबणं. अव्वाच्या हातातलं खापर हललं नाही, पण तिनं दुसऱ्या हातानं डोक्यावर पदर घेतला. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, अप्पा. तिनं पदर कुणासाठी घेतला हे मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून ती टोपलीकडं पाठ करून बसेना. कोथिंबिरीच्या काड्या आधी तिथं ठेवायची, मग आमचं ताट वाढायची. मी एकदा सशाला "ए ढब्बू" म्हणालो तर माझ्यावर धावून आली. "नीट बोल. कुणाला बोलायलास ते कळतंय का?" मी हसलो. मग ससा मागचा पाय जमिनीवर आपटतो तसा त्यानं आपटला, धप्, थांबून धप्. पाणी पाहिजे असलं की तुम्ही भिंतीवर मूठ मारायचात, बोलायला दम नसायचा म्हणून. अव्वा तांब्या घेऊन उठली. माझं हसू तिथंच वाळलं.

ऊद वाढला. आधी संध्याकाळी असायचा, आता सकाळी पण. ससा खाईना. आडवा होईना. भिंतीला अंग लावून, मान ताणून, नाक छताकडं करून नुसता बसायचा, पोट भात्यासारखं आत-बाहेर. मला तुमची समाधी आठवली. मी शिकायला होतो त्या मठाच्या वसतिगृहातून आलो तेव्हा तुम्हाला बसवलेलंच होतं, आपल्यात बसवूनच पुरतात म्हणून, पण तुम्हाला बसवायला कुणाला काही करावंच लागलं नाही असं माणसं हळू आवाजात बोलत होती. खड्ड्यात तुम्ही मान ताठ करून बसला होता. वरून मीठ आणि इभुतीची पोती रिकामी करायला लागले, पांढरा लोट उठला, आणि मी ओरडलो, "नका टाकू, अप्पाला ठसका लागंल!" कुणीतरी मला पोटाशी धरलं. मला अजून वाटतं की ठसका लागला होता. मी ऐकला होता.

मी टोपली उचलली आणि म्हणालो, दवाखान्यात नेतो. अव्वा उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"एकदा नेलं. गुलबर्ग्याला नेलं. चालत जीपमधी बसले हुते. परत आणलं का कुणी?"

"अव्वा, ससा हाय त्यो."

"ससा हाय तर मग तू कामून रडायलास?"

मी रडत होतो हे मला तिनं सांगितल्यावर कळलं. मग म्हणालो, "गुलबर्ग्याला न्हाई नेत. बिदरला नेतो." तिनं टोपलीत वाकून बघितलं. "बिदर व्हय?" म्हणाली. "मग जा. पर जिता आण." आणि बाजूला झाली. असं आहे तिचं, सगळं वैर एका गावाशी.

बिदरच्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या पुढं एक म्हैस आणि एक शेळी. डॉक्टरीणबाई कानडीत मराठी मिसळून बोलत होत्या. त्यांनी सशाला टेबलावर घेतलं, नळी लावून ऐकलं, आणि मग त्याचा पुढचा पाय धरून माझ्यासमोर उलटा केला. "इकडं बघ. आतले केस चिकटून कडक झालेत. नाक गळतंय ना, याच्यानंच पुसतो तो." अप्पा, ती तुमची बाही होती.

"खाली काय घालता?"

"तुरीचा कोंडा."

"अय्यो. आणि घरात चूल? धूर?"

"ऊद घालतो. दोन्ही वेळा. त्याला बरं वाटावं म्हणून."

त्यांनी कानातली नळी काढली. "ज्याची छाती भरलीय त्याच्या तोंडासमोर कुणी धूर धरतं का रे? सशाचा सगळा जीव नाकात असतो, तोंडानं श्वास घ्यायला लागला की समजायचं संपत आलं. रोग आधीपासून अंगात असेल, पण तुम्ही धुळीनं, धुरानं चढवलाय. कोंडा काढ, धूर बंद कर, हवेशीर जागी ठेव. सुई देते, औषध देते, पण धूर चालू राहिला तर औषधाचा काही उपयोग नाही."

परत येताना बसनं बिदरजवळचं नौबाद मागं टाकलं तरी माझ्या कानात त्यांचं ते एकच वाक्य, तोंडासमोर कुणी धूर धरतं का रे. सुट्टीत घरी आलो की मी बघायचो ना, अव्वा खापर घेऊन वाकलेली, आणि तुम्ही तोंड भिंतीकडं फिरवून हात हलवायचात. आम्हाला वाटायचं कफ सुटायलाय. तुम्हाला मिलच्या धुळीनं धरलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधं होती. आणि रोज संध्याकाळी तुमच्या तोंडासमोर ती. जिनं नवऱ्यासाठी एक दिवस नेम चुकवला नाही ती. मांडीवर ससा शिट्टी वाजवत होता आणि मी ठरवलं की धूर बंद करायचा, पण का, ते तिला कधी कळता कामा नये. सशाचं कारण सांगितलं की तुमचं कारण ती स्वतःच काढणार. भाकरी थापता थापता काढेल, आणि मग त्या घरात ती कशी बसेल?

घरी पोचलो तर खापरात निखारे तयार होते. म्हणालो, "अव्वा, थांब. बसमधी डोळा लागला हुता. अप्पा सपनात आले हुते."

खापर खाली ठेवून ती माझ्यासमोर बसली. "काय म्हणले? जसंच्या तसं सांग."

मला एवढंच म्हणायचं होतं, की धूर नको म्हणले. तेवढंच ठरवलं होतं, वाटेत घोकलं होतं. पण तोंड उघडल्यावर बाकीचं आपसूक आलं. "म्हणले, ऊद पुरे आता. मला परसदाराला बसीव. लिंबाचं वारं येऊ दे."

अव्वानं वळून परसदाराकडं बघितलं. परसात आता तो कडुलिंब नाही अप्पा, तुम्हाला माहीत नसेल. शेजारच्यानं भिंत घातली तेव्हा तोडला. मी भानावर आलो, म्हटलं, आता पकडलं हिनं.

"गुलबर्ग्याला नेलं त्या सकाळी असंच म्हणले हुते," ती हळूच म्हणाली. "जीप दारात हुती. ह्याच बोलीत. परसदाराला बसीव, लिंबाचं वारं येऊ दे. मी म्हणलं, वारं बाधंल, गप बसा, आन् ऊद टाकला. घरात दुसरं कुणी नव्हतं. तू वसतिगृहात हुतास. मी कुणालाच सांगितलं न्हाई रे आजपतुर. आईची आण."

ती उठली, निखाऱ्यांवर पाणी ओतलं, चर्र झालं, आणि टोपली दोन्ही हातांनी छातीशी धरून परसदाराला नेली. कोंडा झटकून काढला, तुमचं जुनं धोतर घातलं, आणि म्हणाली, "बसा. आज ऐकते." ससा नाक वर करून बसला. वारा नव्हताच तसा. पण भिंतीच्या वर, जिथं लिंबाचा शेंडा असायचा, तिकडं बघत त्यानं एक कान फिरवला, मग दुसरा, हलणाऱ्या फांदीकडं जनावर बघतं तसा. अव्वा पण तिकडंच बघायला लागली. मी नाही बघितलं.

ससा वाचला. खातो, पळतो, अव्वाच्या पदराला दात लावतो. एका नाकपुडीत थोडी शिट्टी राहिलीय, ती राहणार म्हणाल्या बाई. ऊदाचं खापर अव्वानं पालथं घातलंय, फोटोपुढं नुसती समई. तिनं सगळं ओळखलंय का नाही, मला ठरवता येत नाही. परवा निवडता निवडता म्हणाली, "लई हात हलवायचे रे ते," आणि पुन्हा तूर निवडायला लागली. मी जीपवर गेलो नाही त्या दिवशी. त्यानंतर पण फारसा गेलो नाही. बूड टेकलंय म्हणा ना.

हा कागद कुठं टाकायचा नाही. समाधीपाशी ठेवावा असं मनात आलं होतं, पण तुम्ही तिथं असाल असं आता वाटत नाही. एकच राहिलं. त्या दिवशी बसमध्ये मला डोळा लागला नव्हता अप्पा. सपान पडलंच नाही. अव्वाला सांगू नका, तुम्ही दिवसभर तिच्याच पायापाशी असता.