कोऱ्या पेटीचा हुकूम

येलहंका, बेंगळुरू
दसऱ्यानंतरचा गुरुवार

चि. प्रणीत,

काकूचे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? एचएसआर लेआउटातल्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून वाकली असणार. माझे गुडघे होते तसेच आहेत. हवा चांगली आहे. (कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला पत्रात आधी तब्येत, मग हवा, मग मजकूर असं शिकवलं. नन्सशी माझं फारसं जमलं नाही, पण क्रम चांगला आहे.) फोन केला असता, पण आमचा फ्लॅट एवढासा आणि तुझे काका हल्ली दिवसभर घरात असतात. तेच सांगायला हे पत्र.

निवृत्त झाल्यापासून आमच्या सोसायटीचं नेटवर्क काका सांभाळतात, हे तुला ठाऊक आहेच. पगार शून्य, थाट चीफ इंजिनिअरचा. तळघरातल्या खोलीत चार स्विच एकावर एक रचलेले आहेत. (स्विच म्हणजे दिव्याचं बटण अशी माझी अनेक वर्षं समजूत होती. या चपट्या पेट्या निघाल्या.) मागून जाड केबलीने बांधल्या की त्या चौघी एकाच पेटीसारख्या वागतात; याला स्टॅकिंग म्हणतात. त्यांतली एक मुख्य होते आणि तिला जे शिकवावं ते बाकीच्या मुकाट ऐकतात. फाटक, कॅमेरे, घरोघरचं इंटरनेट, सगळं तिच्या हुकमात. हे मी तुझ्यासारख्या नेटवर्कवाल्याला सांगते आहे, पण जेवताना इतक्यांदा ऐकलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मुख्य पेटी म्हातारी झाली, तापायला लागली. कमिटीने नवी आणली. काकांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर तिला सगळ्यांत वरचं प्राधान्य देऊन ठेवलं, म्हणजे पुढे मुख्यपद तिच्याकडे जावं. बाकीची शिकवणी व्हायची होती. नवी पेटी बंद ठेवून जोडायची आणि मगच चालू करायची, म्हणजे ती आधी जुनीकडून शिकते, ही रीत काका झोपेतही सांगतील. पण मध्ये आयुधपूजा आली. आमचा सेक्रेटरी चंदन म्हणाला, लिफ्टची पूजा होते, पंपाची होते, मग हिची का नको. झेंडू झाले, कुंकू झालं. लिंबू चाकाखाली ठेवायचं तर पेटीला चाक सापडेना, म्हणून ते पेटीच्या डोक्यावर ठेवलं. मग फोटोत दिवे लुकलुकायला हवेत म्हणून पेटी चालू केली, काकांच्या गळ्यात हार घातला आणि "अंकल, नीवे कनेक्ट माडी" (तुम्हीच जोडा) म्हणत केबलचं टोक त्यांच्या हातात दिलं. काकांनी कॅमेऱ्याकडे बघून हसत हसत ते जोडलं.

नव्या पेटीचं प्राधान्य वरचं आणि डोकं कोरं. ती मुख्य झाली आणि बाकीच्यांनी तिचं कोरेपण निमूट मान्य केलं. (काकांच्या कारखान्यात असे वरिष्ठ मी पाहिले आहेत, पण तिथे सगळं बंद पडायला निदान काही वर्षं लागायची.) फाटक उघडेना, कॅमेरे आंधळे झाले आणि घरोघरची माणसं सणाच्या दिवशी एकमेकांशी बोलायला लागली. काकांनी जुन्या पेटीच्या शिकवणीच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा बसवलं, गळ्यातला हारही न काढता. त्याबद्दल कुणी शब्द काढला नाही. चंदन एवढंच म्हणाला, "अंकल, स्वल्प रेस्ट तगोळ्ळी." (थोडी विश्रांती घ्या.) स्वल्प म्हणे. आणि सर्जापूर रोडवरच्या कुठल्याशा एजन्सीला बोलावलं. नेटवर्क त्यांना द्यायचं का, ते शनिवारी कमिटी ठरवणार.

काकांनी त्याच दिवशी खोलीची किल्ली आपणहून देऊन टाकली. तेव्हापासून पेपर वाचतात, घडी घालतात, पुन्हा उघडतात. काल मी मुद्दाम म्हटलं, "तुमच्या त्या पेट्यांपेक्षा आपला फ्रिज हुशार." त्यांनी मान डोलावली. प्रणीत, लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्या एकाही चुकीच्या वाक्याला मान डोलावलेली नाही. मला भीती वाटली.

असो. तुला काही काम सांगत नाही. सहज कळवलं.

तुझी,
प्रतिमाकाकू

ता. क. काम आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तू आख्ख्या ऑफिसचं नेटवर्क पाडलं होतंस, असं तुझ्या आईने मला सांगितलंय. (तिच्यावर रागावू नकोस, मी काढून घेतलं.) ते काकांना फोन करून सांग. धीर वगैरे देऊ नकोस, त्यांना लगेच कळतं. नुसतं सांग आणि मग तुला खरंच अडलेलं काहीतरी विचार. शनिवारच्या आत.

आणखी ता. क. मी पोस्टाची तिकिटं आणायला गेले आणि पत्र टेबलावर राहिलं. परत येते तो काका पेन्सिल घेऊन बसलेले. "केबलीने बांधतात? दावणीला गुरं आहेत का ती? आणि मुख्य पेटी बंद पडली तर उरलेल्यांतली एक काम हाती घेते, कुणाला पत्ताही लागत नाही, हा स्टॅकिंगचा खरा मुद्दा. तोच गाळलास." अर्धा तास बोलत होते. मी प्रत्येक वाक्याला हरकत घेतली. शनिवारी बैठकीला जाऊन चूक कशी झाली ते आपणच सांगणार आहेत म्हणे. समासात त्यांनी भरपूर लिहून ठेवलंय. ते तू वाचलंच नाहीस असं समज. फोन करून त्यांनाच विचार, आणि मध्ये मध्ये कळलं नाही म्हणत जा.