बत्तिसावी पटाशी

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं आणि दुसऱ्याच ओळीला वाटलं, दाखवायला नको होतं. तिच्या पटाश्या संग्रहालयाला देऊन टाकू, काचेच्या कपाटात मानाने राहतील, हे ऐकल्यावर ती म्हणाली की नुसतं मानाने बसून राहायचं वय अजून पटाश्यांचंही झालेलं नाही आणि तिचंही नाही. मग पत्र माझ्या हातून घेऊन तिने डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल आता डगमगत नाही, एवढा तुझ्या पत्राचा उपयोग झाला.

तिच्या अंगठ्याला तीन टाके पडले हे खरं. नजर आणखी अधू होणार, चष्म्याने काही व्हायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेही खरं. पण पंचेचाळीस वर्षं कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरणाऱ्या बाईच्या हातून पटाशी काढून घ्यायची का, हे तू तिथे बसून ठरवू नकोस.

दोष तिचा नाही, त्या पत्र्याच्या डब्याचा आहे. तुला आठवतोच, सगळ्या पटाश्या धार वर करून उभ्या. मी दिवसभर लोकांच्या दुकानांच्या मांडण्या बनवते, मग आईसाठी एक जमू नये? भिंतीवर तिरकी फळी, तिच्यात प्रत्येक पटाशीला स्वतःचं लाकडी म्यान, तळाशी बुचाचा तुकडा, म्हणजे धार टेकली तरी बोथट होणार नाही. सगळ्या डोळ्यांसमोर राहतील आणि कोणाला लागणार नाही. महिनाभर थांब.

जाता जाता एक. आई मोजताना बत्तीस म्हणते, डब्यातून निघतात एकतीस. हरवली असेल म्हटलं, तर म्हणाली हरवलेली नाही, आणि मला चहा टाकायला पिटाळलं.

लोभ आहेच, राग ओसरला की थोडा वाढव.
तुझी
बारकी

ता. ११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

आईची वकिली तू पाळण्यात असल्यापासून करते आहेस, तेव्हा नवल वाटलं नाही. माझं पत्र टेबलाखाली गेलं तेही ठीक. पण मी इथे आठ तासांवर आहे, तू दीड तासावर. ती त्या खोलीत एकटी बसते. पोस्टमन दारात दिसला की आईला काही झालं नाही ना, हेच आधी मनात येतं, हे तुम्हा दोघींना कधी कळणार?

संग्रहालयाच्या बाईंना मी शब्द देऊन बसलो आहे. त्या पंधरा मार्चला पटाश्या न्यायला येतील. तोवर कर तुझी फळी. रक्ताचा एक थेंब सांडला नाही, तर शब्द मागे घेईन. सांडला, तर पटाश्या जातील आणि तू मध्ये पडायचं नाहीस. खोटं मात्र लिहू नकोस. बरणी फोडून मांजराचं नाव सांगणारी तू, मला चांगली ठाऊक आहेस.

जपून राहा, आणि तिलाही जप.
तुझा
दादा

ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खोटं लिहू नकोस म्हणालास ना, मग वाच. रक्त सांडलं. दोनदा, आणि एकाच सकाळी.

चूक सर्वस्वी माझी. फळी इतकी देखणी झाली होती की मी स्वतःवरच खूश होते. धारा सगळ्या आत, मुठी बाहेर. आणि मुठी तर बाबांनी लेथवर कातलेल्या, एकीसारखी दुसरी! आई पटाशी ओळखते ती धारेवरून. म्हणून तर ती डब्यात धार वर करून ठेवायची, आणि मी पंचेचाळीस वर्षांचा तो डबा वेडेपणा समजले. मग तिला प्रत्येक पटाशी उपसून अंगठ्याने चाचपावी लागली, आणि दोनदा कापलं. मी सुचवलं की मुठींवर खुणा कोरू. बाबांच्या मुठींना पातं लावलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस, असं तिने मला सुनावलं.

पण मग तीच फळीवरून हात फिरवत बसली. म्हणाली, खुणा मुठीवर कशाला, लाकूड इथे आहे की. दोन दिवसांत प्रत्येक म्यानावर तिने त्याच पटाशीचा एकेक काप घेतला. कुठे चंद्रकोर, कुठे खोल चीर, कुठे रुंद सपाट. बोट लाकडावर फिरतं, काप ओळखतं, आणि हवी ती पटाशी हातात येते. धारेला हात लावायची गरजच उरली नाही.

तुझी अट मोडली, कबूल. मोजणी आजपासून पुन्हा सुरू. हे मी तुला विचारत नाही, सांगते आहे.

भांडण राहू दे, माया कमी करू नकोस.
तुझी
बारकी

ता. १६ मार्च

चि. दादास,
अ. उ. आ.

ओळीखाली पट्टी धरून स्वतः लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर तुझे डोळे चांगले आहेत, लावून वाच.

काल तुझ्या बाई आल्या. मी त्यांना फळीसमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि त्यांचं बोट कापांवरून फिरवलं. त्यांनी अकरा पटाश्या बरोबर ओळखल्या. मग मी सांगितलं की बघायचं तर इथे या, मी काम करत असेन. बाई रिकाम्या हाताने पण हसत गेल्या. चोवीस दिवसांत थेंब सांडलेला नाही. मी मरेपर्यंत कोरणार. तुला भीती वाटते, ते मला समजतं. ती तुझी तू सांभाळ, माझ्या पटाश्यांना कुलूप लावून ती जाणार नाही.

आता एक. फळीवर बत्तिसावं म्यान रिकामं आहे. बारकीने एकतीसच केली होती, मी भांडून करून घेतलं. बाबा गेले त्या आठवड्यात ती अर्धगोल पटाशी तू उचललीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. विचारलं नाही, तुलाही त्यांचं काहीतरी हवं होतं. तिचा काप मी आठवणीने, दुसऱ्या पटाशीने कोरला आहे. जुळतो का ते बघायचं आहे. पोस्टाने पाठवू नकोस, धारेची वस्तू आहे. घेऊन ये. बोथट झाली असेल, मी धार लावीन.

आशीर्वाद आहेतच, न्यायला ये.
आई

ता. २१ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

संग्रहालयाला नकार कळवला. रविवारी सकाळी पोचतो. पटाशीला बाटलीचं बूच लावून गुंडाळलं आहे.

बोथट झालेली नाही. दर वर्षी बाबांच्या तारखेला धार लावतो, तू शिकवलीस तशी, आणि तुझ्यासारखीच अंगठ्याने तपासतो. माझ्याही अंगठ्याला दोन टाके आहेत. बारकीला सांगू नकोस.

तुझा
दादा