वाट फुटेल तिकडं

सोम., ३० डिसें.
दुकानाला सुट्टी. हे सकाळी नऊला गाडी घेऊन गेले ते दुपारी चारला उगवले. ओठ वाळलेले, चपला धुळीनं माखलेल्या. "कुठं गेलतासा?" तर "फिरत गेलतो की." एवढंच. लग्नापासून सोमवार असाच. किक मारायची, वाट फुटेल तिकडं जायचं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "ठरवून जायाला ही काय एस्टी हाय?" पन्हाळ्याला निघालोय असं वाटायचं, आणि दुपारी कुठल्या तरी अनोळखी गुऱ्हाळावर रस पीत बसलेलो असायचो. काय मजा होती! दोन वर्षं झाली, गुडघ्यामुळं मला मागं बसवत नाही. एकटेच जातात. शेजारच्या मालूताईंना म्हटलं, आमचं ध्यान अजून पोरासारखं भटकतंय. दोघी हसलो.

सोम., ६ जाने.
दु. ३ ला फोन. नंबर ह्यांचा, आवाज परका. "गडमुडशिंगीतनं बोलतोय, दूध डेअरीवरनं. हे पावणं तासभर बसल्यात. घर कुठं म्हटलं तर सांगंनात." रिक्षा करून गेले. गडमुडशिंगी काय लांब आहे? रिक्षानं अर्धा तास लागला नाही. बाकावर बसले होते, चहा निवून गेलेला. मला बघून डोळे भरले.
"सुमे, सा म्हैनं झालं. राजारामपुरी कुणीकडं, असं लोकांस्नी इचारत घरला येतोय. आज नावच आठवंना. काय इचारू?"
सहा महिने! आणि मी गल्लीभर कौतुक सांगत हिंडत होते. फुटले होते माझे डोळे.

शुक्र., १०
डॉ. म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. गाडी आजपासून बंद. पुण्याहून आमच्या समीरचा फोन: "आई, रविवारी एकोणीसला येतो, गाडी विकून टाकू. तोवर चावी बाबांच्या हाताला लागू देऊ नकोस."
चावी माझ्या पर्समध्ये. ह्यांनी मागितलीच नाही. भांडले असते, ताट भिरकावलं असतं तर बरं वाटलं असतं. हे मुकाट्यानं जेवले. मोरीत जाऊन रडून घेतलं.

सोम., १३, भोगी
सकाळी बघते तर गाडी पुसून लख्ख. हे हेल्मेट घालून पायरीवर बसलेले. चावी मागत नाहीत, काही नाही. नुसते बसलेत. मला बघवेना. चूक आहे, कळतंय मला. पण...
"चला, मी बसते मागं."
"आणि गुडघा?"
"मरू दे तो गुडघा."
हातांना सगळं येतंय अजून. क्लच, गिअर, उसाच्या ट्रॉलीला बाजू देणं, कुठं म्हणून चुकले नाहीत. वारा लागला तसे शीळ घालायला लागले. मला वाटलं, डॉ.ना काही कळत नाही.
मग एक फाटा आला. गाडी थांबली. पाय टेकून किती तरी वेळ दोन्हीकडं बघत राहिले. शीळ बंद.
"सुमे, तू सांग. मला न्हाय उमगत."
घर उजवीकडं होतं. भोगीची भाजी चिरून ठेवलेली, भाकरी व्हायच्या होत्या.
मी म्हणाले, डावीकडं.
पाचला घरी आलो. गुडघा ठणकतोय. समीरला सांगितलेलं नाही. रविवारी तो दारात उभा राहील, तेव्हा काय सांगू...