दाण्याएवढ्या दिव्यांची वही

शेलार, भिवंडी
बुधवार, १४ फेब्रुवारी १९७९

प्रिय तुळजा,

अक्षर बघून दचकू नकोस, पत्र मीच लिहितेय. प्रौढ वर्गाच्या बाई म्हणतात, गुणाबाई, ओळी वर चढतात. चढू देत. तुझं पत्र तुझ्या बापाने वाचून दाखवलं. कंपनीच्या कॉम्प्युटरची माहिती लिहिलेली तुझी वही मुंबईच्या साहेबांनी परत केली म्हणे, फार सोपी झालीय, कंपनीला शोभत नाही, सोमवारपर्यंत जड करून आणा. आणि तू करणार! थांब जरा, आधी म्हातारीचं ऐक.

संक्रांतीला आली होतीस तेव्हा वाल सोलता सोलता तू मला ती इंग्रजी वही मराठीत सांगितलीस. (वाल यंदा गोड निघालेत, शेजारच्या केसरीनाथबरोबर पाठवते.) त्या कॉम्प्युटरला दाण्याएवढे लाल दिवे. तेल नाही, आत तार नाही, बोट लावलं तर भाजत नाही. पण कुणीही उठून ते लावायचे नाहीत. यंत्राच्या पोटात एक मुख्य कारभारी प्रोग्राम, त्याने दिव्यागणिक नावाची चिठ्ठी ठेवलेली. बाकीच्या प्रोग्रामांनी चिठ्ठीवर एक लिहायचा, कारभारी दिवा लावतो. शून्य लिहिलं की विझवतो. आणि एक दिवा आपला सारखा लुकलुकत असतो, कारभारी जिवंत आहे एवढं कळावं म्हणून. माझ्या अंगावर काटाच आला गं. माझी नात यंत्राची नाडी लिहून ठेवते!

मग काय, पोटात राहतंय थोडंच? नारपोलीला कारखान्यात आम्ही बायका लूमसाठी सुताच्या कांड्या भरतो, तिथे सगळ्यांना सांगितलं. ठमाबाई लगेच म्हणाली, मंग ह्यो आपला जॉबरच हाय की, बिघडल्या लूमला हात त्यानंच लावायचा, आपण नुसतं सांगायचं. मैनाने विचारलं, एकीनं लाव लिवलं न् दुसरीनं विझव, तर? मी तुझी वही आठवली आणि म्हटलं, शेवटी जी लिहील तिचं चालतं. तर म्हणते कशी, म्हंजी माझ्या सासूचं! दोघींनाही सही येत नाही, तुळजा. तरी समजलं. हे साधं काम नव्हे, पोरी. गुंता तर कुणीही करतं.

आता जे घरात कधी बोलले नाही ते लिहिते. तुझ्या आजोबांची दोन बोटं लूममध्ये गेली, ती त्यांच्या धांदरटपणाने, असंच तू ऐकलंस. त्यांच्या लूमच्या वर भिंतीला एक फलक होता, काचेच्या चौकटीत, भारी इंग्रजीत. सात वर्षं ते रोज त्याला हात जोडून कामाला लागायचे. त्यांना वाटायचं, देवाचं काही लिहिलंय. बोटं गेल्यावर मुकादमाने अर्थ सांगितला: लूम चालू असताना आत हात घालू नका. एवढंच होतं गं. इतकं साधं कुणी आधी सांगितलं असतं तर! तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, कुणाला जाब विचारता आला नाही. आता येतं, म्हणून हे पत्र. सोमवारी वही आहे तशीच साहेबांपुढे ठेव. एक शब्द जड करू नकोस.

तुझीच आजी,
गुणाबाई (सही माझी स्वतःची)