गुरुबाईचा नकार

मी, सुवार्ता भ्रतार प्रभुलिंग मेहकरे, वय शहात्तर, धर्म ख्रिस्ती, पूर्वी मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन, आता घरीच, राहणार बिदर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे. माझं डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं वकील श्रीहरी म्हणाले. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. मी सांगते आहे, वकील लिहीत आहेत, आणि जिथे ते माझी वाक्यं सुधारायला बघतात तिथे मी त्यांना पुन्हा वाचायला लावते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करण्याइतका वेळ मिळेल असं वाटत नाही.

कलम १. बिदरमधलं माझं राहतं घर, पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि पत्र्याची पडवी, हे माझ्या वडिलांनी माझ्या नावे केलेलं आहे. त्यात माझ्या पतीचा किंवा त्यांच्या मेहकरच्या माणसांचा काही संबंध नाही. हे घर माझी एकुलती मुलगी प्रणिता हिला मिळावं. ती लातूरला कॉलेजात शिकवते. पुढच्या खोलीबद्दल एक अट आहे, ती कलम ५ मध्ये येईल. ती अट मी खुशीने घातली असं कोणी समजू नये.

कलम २. माझे पती प्रभुलिंग यांची पान्यांची पेटी, जॅक आणि हवा भरायचा पंप बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत गॅरेज चालवणाऱ्या नरसिंगला द्यावा. तो त्यांच्या हाताखाली शिकला आणि पाने पुसून ठेवतो.

प्रभुलिंग कोण होते, ते इथे सांगणं भाग आहे, नाहीतर पुढची कलमं कोणाला समजणार नाहीत. ते बिदर जिल्ह्यातल्याच मेहकरचे, लिंगायत घरातले. मिशनच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून लागले तेव्हा त्यांचं लग्न झालेलं होतं. बायकोचं नाव गुरुबाई. माझे वडील सुवार्तिक होते. त्या जीपमधून ते गावोगाव जायचे, गॅसबत्ती लावून चित्रांचा पडदा टांगायचे आणि शेवटल्या दिवसाचा न्याय सांगायचे. त्या दिवशी सगळी माणसं उभी राहतील, ज्यांनी देवाच्या पुत्राला मानलं ते उजव्या हाताला, आणि ज्यांनी ऐकूनही झिडकारलं ते डाव्या हाताला, बाहेरच्या अंधारात. वडिलांचा आवाज भारी होता. लहान मुलं रडायची. प्रभुलिंग जीपच्या चाकाला टेकून तेच प्रवचन गावागावांत ऐकत राहिले आणि एका पावसाळ्यात वडिलांना म्हणाले, "मास्तर, मला पानी द्या." बाप्तिस्मा झाला.

गुरुबाई नांदायला आली नाही. तेव्हा कायदा असा होता की, धर्म बदललेल्या माणसाची बायको त्या कारणाने नांदत नसेल तर कोर्टाने तिला विचारावं, वर्षभर थांबावं आणि पुन्हा विचारावं. दोन्ही वेळा मी वडिलांबरोबर कोर्टात होते. दुसऱ्या खेपेला न्यायाधीशांनी विचारलं, "नवरा ख्रिस्ती झाला म्हणूनच तू नको म्हणतेस का?"

ती म्हणाली, "माणूस पायजे. त्यांचा देव नको."

"दोन्ही एकत्रच आहेत, बाई."

"मग ऱ्हाऊ द्या."

हिरवं लुगडं, गळ्यात लिंग, आवाज अगदी साधा. ती माझ्याकडे बघत नव्हती. प्रभुलिंग मात्र तिच्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे. विवाह रद्द झाला. पुढच्या उन्हाळ्यात माझं त्यांच्याशी चर्चमध्ये लग्न लागलं.

कलम ३. माझी पुस्तकं, वाजवायची पेटी आणि पितळी घंटी वसतिगृहाला द्यावी. पेटीचा एक सूर बसलेला आहे, तो दुरुस्त करून घ्यावा.

कलम ४. मला माझ्या पतीच्या उजव्या अंगाला पुरावं. दोन्ही कबरींच्या मध्ये वाट ठेवू नये. झाड लावू नये. चिकटून पुरावं. हसू येत असेल त्याने हसावं.

कारण असं आहे की, हयातीत ते माझ्याजवळ होते हे मला कधी पक्कं वाटलं नाही. त्यांनी मला कधी दुखावलं नाही, कधी हात उगारला नाही, पगार आणून माझ्याच हातात दिला. पण सकाळी उठून ते पडवीत स्टुलावर बसून प्रार्थना करायचे, आणि ती मला आतून ऐकू यायची. "प्रभू, गुरुबाईला बाहेर ठेवू नको." रोज. आमची प्रणिता जन्मली त्या सकाळीसुद्धा. माझं नाव त्यात कधी आलं नाही. एकदा मी चहाचा कप आपटून विचारलं, "बायको मी आहे. माझं नाव का येत नाही?"

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुझं काय? तू तर आत हाईस."

मी आत होते, म्हणून माझी काळजी नव्हती. ती बाहेर होती, म्हणून रोजची पहिली हाक तिच्यासाठी. देवाने मला तारलं आणि त्यापायी नवऱ्याच्या तोंडचं माझं नाव गेलं. मी चर्चमध्ये न्यायाचं प्रवचन ऐकायला पुढच्या बाकावर बसायची ती याच कारणाने. डाव्या हाताच्या गर्दीत मला हिरवं लुगडं दिसायचं, आणि बरं वाटायचं. ते मात्र तेवढ्या वेळात जीप बघून येतो म्हणून बाहेर जायचे.

आणखी एक गोष्ट. भेटेल त्याला ते ख्रिस्ताबद्दल सांगायचे, टायरवाल्याला, हमालाला, चेकपोस्टवरच्या पोलिसाला. आईला भेटायला मेहकरला जायचे तेव्हा गुरुबाईच्या हातची भाकरी खायचे, कारण सासूला तीच सांभाळत होती. पण तिला कधी एक शब्द सांगितला नाही. मी विचारलं, "साऱ्या जगाला सांगता. तिलाच का नाही सांगत?"

ते म्हणाले, "सांगितलं अन् तिनं न्हाई म्हटलं तर?"

तेव्हा मला त्यांचं लग्नाआधीचं एक बोलणं आठवलं. माझ्या वडिलांना त्यांनी आमच्या ओसरीत विचारलं होतं, "मास्तर, ज्यानं नीट ऐकलंच न्हाई, त्याचं काय?" वडील म्हणाले होते, "त्याचा न्याय देव त्याच्या मनातल्या उजेडावरून करील. ऐकून नको म्हणणाऱ्याला मात्र सबब नाही." त्या माणसाने एवढा एक शब्द जन्मभर जपला. कोर्टात तिला नांदतेस का एवढंच विचारलं होतं, ख्रिस्ताची सुवार्ता कोणी सांगितली नव्हती. म्हणून तिला न सांगून त्यांनी तिच्यासाठी फट राखून ठेवली होती. मी शहाणी, मास्तरांची मुलगी. मला हे समजायला इतकी वर्षं लागली, आणि समजल्यावर मी जळाले.

कलम ५. गुरुबाई हिला बिदरला दवाखान्यासाठी किंवा कायमचं यावं लागलं तर माझ्या घरातली पुढची खोली ती हयात असेपर्यंत तिची राहील. तिने तिथे लिंगपूजा करावी, विभूती लावावी, कोणी अडवू नये, कोणी धर्म सांगायला जाऊ नये. माझ्या पतीची खाट तिला देऊ नये. खाट प्रणिताने लातूरला न्यावी.

खोलीचं कारण असं. प्रभुलिंग गेल्यावर दुसऱ्या वर्षी गुरुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन बिदरला झालं. प्रणिता तिला मोठीआई म्हणते. हेही मला कधी आवडलं नाही. मला न विचारता तिने मोठीआईला माझ्या घरी आणून उतरवलं आणि स्वतः परीक्षेच्या कामाला लातूरला गेली. म्हातारी एका डोळ्याला पट्टी बांधून पुढच्या खोलीत बसली. खुंटीवर त्यांचा स्वेटर होता. तिने हाताने चाचपला आणि म्हणाली, "बाह्या अजून वर वळवलेल्याच हाईत की. पोरपनापासून तसंच." मी इतकी वर्षं त्या बाह्या सरळ करत आले होते.

रविवारी मी अंड्याचा रस्सा केला. तिच्यासाठी वेगळं वरण ठेवलं. ती म्हणाली, "हे ते खात व्हते?"

"दर रविवारी."

"वासानंच उलटी व्हायची की त्यांना. तुझ्यासाठी खाल्लं बघ."

तिने ते माझं कौतुक म्हणून सांगितलं. मला भांडं भिंतीवर फेकावंसं वाटलं. माझ्यासाठी ते काय गिळत आले होते, हेसुद्धा मला तिच्याकडून कळावं?

दुसऱ्या दिवशी, दुपारी, ती आपणहून म्हणाली, "सुवार्ता, तुमच्या देवाचं मला सांग गं. एवढं समदं कामून सोडलं त्यांनी? मला कोनी सांगितलंच न्हाई."

मी वसतिगृह सांभाळून खेड्यापाड्यांत बायकांना सांगण्यात उभी हयात घालवलेली बाई. मला काय करायचं ते ठाऊक होतं, आणि काय होईल तेही. ती हो म्हणाली तर आत येईल आणि त्यांच्याजवळ उभी राहील. मी गप्प बसले तर न ऐकलेल्यांत राहील, आणि कदाचित तरीही आत येईल. सांगितलं आणि ती नाही म्हणाली, तरच ती बाहेर. मी सांगायला बसले. काही गाळलं नाही, काही चुकवलं नाही. जन्म सांगितला, वधस्तंभ सांगितला, तिसरा दिवस सांगितला, न्याय सांगितला. इतकं चांगलं मी कधी सांगितलं नव्हतं. आणि सांगताना माझं सगळं लक्ष तिच्या मानेकडे होतं, की ती कधी आडवी हलते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथं ते कुनाचे?"

मला खरं सांगावं लागलं. "तिथं कोणी कोणाचा नवरा नाही, कोणी कोणाची बायको नाही."

"मग तू कामून एवढी घामाघूम झालीस?" ती हसली. थोड्या वेळाने माझा हात शोधून धरला आणि कानडीत मला तंगी म्हणाली. तंगी म्हणजे धाकटी बहीण. "नको, तंगी. तू ये म्हनायलीस, पन दारात आडवी उभी हाईस."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि गीत गुणगुणलं. हे मी लपवत नाही. मी जिंकले होते.

पट्टी निघाल्यावर ती मेहकरला परत गेली. माझं जिंकणं काही आठवडे टिकलं. मग पतीच्या स्मरणाच्या प्रार्थनेला पाद्रीसाहेब म्हणाले की, आपले प्रभुलिंगअण्णा तिथे आपली वाट बघत आहेत. सगळे आमेन म्हणाले. मला मात्र ते दिसलेच. बाह्या वळवून दारात उभे आहेत. मी पोचल्यावर ते माझी तब्येत विचारणार नाहीत, प्रणिताचं विचारणार नाहीत. ते पहिलं विचारतील, "गुरुबाईला कोनी सांगितलं न्हाई ना?" त्या जागीसुद्धा पहिलं नाव तिचंच. आणि मला त्यांच्याशी खोटं बोलता येणार नाही, कारण तिथे खोटं चालत नाही.

म्हणून कलम ६. हे कलम माझ्या मालमत्तेबद्दल नाही. वकील म्हणाले की मग ते मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

मी, वर लिहिलेली सुवार्ता, शुद्धीवर राहून साक्ष देते की, गुरुबाई हिला जी सुवार्ता मी माझ्या घरी सांगितली ती बरोबर होती, पण सांगणारी बरोबर नव्हती. मी तिला वाचवायला सांगितलं नाही, अडकवायला सांगितलं. ती नाही म्हणाली ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली. तो नकार देवाला दिलेला नव्हता, मला दिलेला होता. म्हणून तिच्या हिशोबी ते ऐकणं धरू नये. तिला न ऐकलेल्यांत ठेवून न्याय व्हावा, आणि माझ्या सांगण्याचा जो काही न्याय व्हायचा तो माझ्या नावावर वेगळा व्हावा.

पाद्रीसाहेबांना मी हे कलम वाचून दाखवलं. तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "मावशी, असा अर्ज देवाकडे करता येत नाही. आणि तुम्ही तर तुमचं कर्तव्यच केलं." मी म्हटलं, अर्ज नाही, साक्ष आहे. त्यांनी साक्षीदार म्हणून सही करायचं टाळलं. माझा राग नाही. प्रेतयात्रेला त्यांनीच यावं, फक्त न्यायाचं प्रवचन करू नये. मी ते पुरेसं ऐकलं आहे.

माझ्या मनातला जळफळाट गेला असं मात्र कोणी समजू नये. ती आत आली तर येऊ दे. पण ते तिच्याकडे बघतील ते मला आताच दिसतं आहे, आणि आताच माझा जीव जळतो. देवाला हा जळफळाट काढून टाकायचा असेल तर त्याने काढावा. माझ्याने निघाला नाही.

शेवटी वकील श्रीहरी यांनी एक अडचण काढली. म्हणाले, "साक्ष देणारीचं तिच्याशी नातं लिहावं लागेल. कोर्टाने तो विवाह रद्द केला होता, म्हणजे कायद्याने गुरुबाई तुमची कोणी लागत नाही. परिचित असं लिहू का?"

मी म्हटलं, "सवत लिहा."

"मावशी, असं नातं कागदावर नाही चालत."

"लिहा. परिचित बाईने दिलेली साक्ष कोणीही दिलेली असू शकते. पण सवत सवतीच्या बाजूने उभी राहिली, तर वरच्या न्यायाधीशालासुद्धा ती खरी मानावी लागेल."

त्यांनी लिहिलं. मी वाचून बघितलं. बरोबर आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी प्रणिता हिने करावी. वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनी माझ्या समोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. या दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

सही: सुवार्ता प्रभुलिंग मेहकरे

साक्षीदार:
१. वीरण्णा, किराणा दुकानदार, शेजारी, राहणार बिदर
२. श्रीपतराव, निवृत्त शिक्षक, राहणार जनवाडा, तालुका बिदर

लिहिणार: श्रीहरी, वकील

ठिकाण: बिदर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४