आवाज करणारा पंखा

४ ऑगस्ट

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण तुमच्याकडची लाइन हल्ली फारच खराब झाली आहे. तुझं बोलणं अर्धंमुर्धं पोचतं, आणि छकुलीच्या हातात फोन दिला की ती मिठाची गुळणी धरून बसते. म्हणून हे सविस्तर.

गाडीच्या रेडिएटरचा पंखा गेला. रविवारी दारात वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून आत बसलो, पंखा काही लागला नाही. तापमानाचा काटा गेल्या वर्षीच मेलाय, तेव्हा सगळी भिस्त कानावर. इंजिन उकळायच्या आत बंद केलं. बत्तीस वर्षं बस डेपोत बॉनेट न उघडता दोष सांगितले, घरच्या गाडीला काय चुकतोय!

इतक्या जुन्या गाडीचं सामान इथे मिळत नाही. तुमच्याकडे मोठा बाजार आहे, तिथे बघ. एकोणीस सप्टेंबरला छकुली तीन वर्षांची होते. गाडी घेऊन येईन आणि तिला फिरवीन असा मी तिला शब्द दिलाय. बसने येणार नाही.

तुझी आत्या मजेत आहे. आमची दोन डोकी इथे ठीक आहेत, तुमची तीन कशी आहेत ते कळव.

तुझे दादा

११ ऑगस्ट

ती. दादांस सा. न. वि. वि.

ऑफिस सुटल्यावर दुकानात गेले. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून गिऱ्हाइकाची परीक्षा घेणारा. पात्यांचा घेर किती, रेडिएटर आणि इंजिनाच्या मधे जागा किती, पंखा मागे बसून हवा ओढतो की पुढे बसून ढकलतो, असं त्याने विचारलं. मी नापास.

त्याच्याकडे तीन पर्याय आहेत. मोडीत निघालेल्या तुमच्यासारख्याच गाडीचा पंखा आहे, तो बरोब्बर बसेल, पण मोटर किती दिवस चालेल याची तो हमी देत नाही. दुसरा नवा, साधा, पट्ट्या लावून कुठल्याही गाडीला बसणारा. तिसरा मोठा, दोन वेगांचा. तो करंट जास्त खातो, जुन्या वायरी तापतील म्हणाला. मुख्य म्हणजे, जुना पंखा आधी थेट बॅटरीला लावून बघा, बऱ्याचदा फ्यूजच गेलेला असतो आणि लोक पंखा बदलतात, असंही बजावलंय. तुम्ही ते केलंच असेल म्हणा.

छकुली रोज खिडकीत उभी राहून तुमची निळी गाडी शोधते. हे सुखरूप. आत्याला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा.

तुमची बेबी

१७ ऑगस्ट

चि. बेबीस आशीर्वाद.

मापं घे. घेर बारा इंच, मधली जागा साडेतीन इंच, हवा ओढणारा. मोडीतला नको आणि मोठाही नको. या गाडीच्या वायरी तुझ्या शाळेच्या दिवसांतल्या आहेत, त्यांना आता छळायला नको. साधा नवा घे. बॅटरी लावून बघायची गरज नाही, कानाने सांगितलं तेवढं पुरे.

एकच अट. पंखा आवाज करणारा हवा. हल्लीचे सगळे मुके असतात. तो चालतोय की नाही हे आत बसल्या जागी कळायला हवं.

आत्या हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते. वय झालं तिचं. तू मात्र अक्षर असंच मोठं काढत जा.

तुझे दादा

२६ ऑगस्ट

चि. सौ. बेबीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दुकानदाराने हसून तुला विचारलं ना, की सगळे कमी आवाजाचा पंखा मागतात आणि तुमचे वडील असे कसे, तिथेच तुझ्या मनात पाल चुकचुकली हे बरं झालं. तू लिहिलंस तसंच केलं. आज सकाळी हा गाडीत बसून कान लावत होता, तेव्हा मी पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला. थोड्या वेळाने तो जाळीला घट्ट चिकटला. पंखा धडधाकट आहे. आणि आवाज म्हणशील तर स्वयंपाकघराचं दार लावलं तरी मला ऐकू येतो.

मी काचेवर टकटक करून सांगायला गेले, तर मी पुटपुटते म्हणे. टीव्ही एवढा मोठा लावतो की शेजारच्यांनाही बातम्या फुकट. आता तूच लिही. लिहिलेलं त्याला समजतं.

जिवाला जपून राहा.

तुझी आत्या

३१ ऑगस्ट

ती. दादांस सा. न. वि. वि.

पंखा घेतलेला नाही. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

तुमचा पंखा चालू आहे, आत्याने जाळीसमोर कागद धरून बघितलंय. बॉनेट उघडा आणि डोळ्यांनी बघा. आमची फोनची लाइनही चांगली आहे. गेल्या महिन्यात छकुलीने तुम्हाला शेजारच्या मांजरीला झालेल्या चार पिल्लांची सगळी हकिगत सांगितली. आबा, निळी गाडी कधी येणार, असं तीनदा विचारलं. तुम्ही म्हणालात की पोरगी लाजते, फोन आईकडे दे. तिने फोन दिला आणि आबा माझ्याशी बोलत नाहीत म्हणून पलंगाखाली जाऊन बसली. मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, ही माझी चूक.

पाच तासांचा रस्ता आहे. मागून कोण हॉर्न देतंय हे कळल्याशिवाय तुम्ही गाडी काढायची नाही. मला भीती वाटते, दादा. आधी कानांच्या डॉक्टरकडे जा. वाढदिवस हुकला तरी चालेल, तुम्ही हवे आहात.

रागवा, पण उत्तर द्या.

तुमची बेबी

१४ सप्टेंबर

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

राग आला. चार दिवस आत्याशी बोललो नाही. तिला बरंच वाटलं असावं, ओरडावं लागलं नाही. पाचव्या दिवशी बॉनेट उघडलं. पंखा गरगर फिरत होता आणि माझ्या कानात काही नाही. बॉनेट लावलं आणि तडक कानांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर भला माणूस. इंजिनाची घरघर मला अजून ऐकू येते. बारीक आवाज तेवढे गेलेत. बत्तीस वर्षं डेपोत कानाशी इंजिनं ओरडत होती, त्याचं हे. दोन्ही कानांना यंत्रं दिली. ती लावून तीन दिवस गल्लीत गाडी चालवून दाखवली, मग त्याने हो म्हटलं. आत्या शेजारी बसून येणार आहे. ती पुटपुटत नव्हती हे मी तिच्याकडे कबूल केलंय.

काल यंत्र लावून पंखा ऐकला. चांगला किंचाळतो. बेअरिंग किंचित कोरडं वाजत होतं, तेल दिलं. आहे तोच पंखा राहू दे.

पत्र मिळालं की लगेच फोन कर. तू आधी बोलू नकोस, फोन थेट छकुलीच्या हातात दे. मांजरीची पिल्लं तिला पहिल्यापासून सांगू दे.

तुझे दादा